कोमोडो ड्रॅगन आणि खरुची: खरी भूक कुणाची मोठी?

एका बाजूला कोमोडो ड्रॅगन. जगातला सगळ्यात मोठा सरडा, घोरपडीच्या कुळातला, लांबी ३ मीटरपर्यंत, रानातला चांगला वाढलेला नर ७० किलोच्या आसपास. दुसऱ्या बाजूला खरुची, ससाण्यांच्या घराण्यातला एक छोटा शिकारी पक्षी, वजन जेमतेम २०० ग्रॅम, म्हणजे ड्रॅगनच्या एका पायाच्या पंज्याएवढा सुद्धा ऐवज नाही. आता सांगा, या दोघांत जास्त खादाड कोण?

बहुतेक जण ड्रॅगन म्हणतील आणि त्यात चुकीचं काही वाटायचं कारण नाही, कारण ड्रॅगन एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस गिळू शकतो. ७० किलोचा प्राणी आणि पोटात ५६ किलो! पण आता वर्षाचा हिशेब मांडून बघू. मोठ्या ड्रॅगनचं वर्षाला साधारण १२ मोठ्या जेवणांवर भागतं. प्रत्येक वेळी त्याने अगदी कमाल मर्यादेपर्यंत खाल्लं असं धरलं (असं होत नाही, पण धरू) तरी वर्षभराचं खाणं त्याच्या वजनाच्या दहापटीच्या आतच राहतं. खरुचीला मात्र रोज तीन-चार छोटे उंदीर लागतात, ६०-७० ग्रॅम धरा, म्हणजे वजनाच्या जवळपास एक तृतीयांश, आणि हे रोज, पाऊस असो वारा असो. वर्षाचे होतात २३-२४ किलो. स्वतःच्या वजनाच्या शंभरपटीच्या वर!

म्हणजे भुकेच्या बाबतीत तो चिमुकला पक्षी त्या राक्षसापेक्षा कमीत कमी दहापट पुढे आहे. मला हा हिशेब पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोनदा आकडेमोड करून बघितली होती. आणि नंतर लक्षात आलं की या दोन प्राण्यांचं जवळजवळ सगळं वागणं, शिकार कशी करतात, कधी करतात, पिल्लं कशी वाढवतात किंवा वाढवत नाहीत, किती जगतात, हे सगळं या एका हिशेबातून उलगडत जातं.

हा फरक येतो कुठून? शाळेत आपण शिकलो की पक्षी उष्ण रक्ताचे आणि सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे. हे शब्द खरं तर फसवे आहेत, कारण दुपारच्या उन्हात फिरणाऱ्या कोमोडो ड्रॅगनचं अंग ३५ अंशांच्या आसपास असतं, हात लावला तर गरमच लागेल. पक्ष्याचं अंग ४० अंशांच्या आसपास. आकड्यांत फार फरक नाही. फरक आहे तो उष्णता येते कुठून यात. ड्रॅगन सकाळी बिळातून बाहेर येतो, उन्हात अंग पसरून पडतो, सूर्य त्याला फुकटात गरम करतो आणि मग तो कामाला लागतो. खरुचीच्या अंगात मात्र स्वतःची भट्टी आहे आणि ती रात्रंदिवस पेटलेलीच ठेवावी लागते, झोपेत सुद्धा. त्या भट्टीचं जळण म्हणजे ते रोजचे उंदीर. सारख्या वजनाचा सरडा आणि पक्षी घेतला तर पक्ष्याचा रोजचा एनर्जीचा खर्च सरड्याच्या किमान दहापट निघतो, बऱ्याचदा त्याहून जास्तच.

त्यात आकाराची भर पडते. लहान वस्तू लवकर गार होते, कारण तिच्या वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा असतो, कपातला चहा पटकन गार होतो आणि पातेल्यातला बराच वेळ गरम राहतो तसंच. खरुची म्हणजे कप, ड्रॅगन म्हणजे भलं मोठं पातेलं. दिवसभर साठवलेली उष्णता ड्रॅगनच्या अंगातून सावकाश जाते, म्हणून संध्याकाळी ऊन गेल्यावरही तो लगेच लुळा पडत नाही. खरुचीला पिसं फुगवून रात्र काढावी लागते आणि पोटात काहीतरी असावंच लागतं.

आता शिकार बघा. ड्रॅगन राहतो इंडोनेशियातल्या कोमोडो, रिंचा, गिली मोतांग अशा काही छोट्या बेटांवर आणि फ्लोरेस बेटाच्या काही भागांत, बस्स, जगात दुसरीकडे रानात कुठेच नाही. तिथले लोक त्याला ओरा म्हणतात. बाहेरच्या वैज्ञानिक जगाला तो कळला फार उशिरा, १९१० च्या सुमारास डच अधिकाऱ्यांपर्यंत बातमी पोचली आणि १९१२ मध्ये पीटर ओवेन्स यांनी त्याचं रीतसर वर्णन छापलं. विमानं उडायला लागली होती तोवर, आणि ३ मीटरचा सरडा विज्ञानाला माहीत नव्हता! तर हा ओरा हरणांच्या वाटेवर, गवताच्या आडोशाला पडून राहतो. तास, दोन तास, अर्धा दिवस. पडून राहण्याचा त्याला खर्चच जवळजवळ नाही, म्हणून त्याला हे परवडतं. हरीण टप्प्यात आलं की झेप. ताशी २० किलोमीटरपर्यंत पळू शकतो पण थोडं अंतरच, हरणाचा पाठलाग वगैरे त्याच्या भानगडीत तो पडत नाही. भक्ष्य म्हणजे मुख्यतः तिमोर हरीण, रानडुक्कर, आणि मोठे ड्रॅगन तर म्हशीवर सुद्धा हल्ला करतात.

ड्रॅगनचा चावा प्रचंड ताकदीचा असेल असं आपल्याला वाटतं, पण तसं नाहीये. त्याची कवटी हलकी आहे आणि जबडा मिटायची ताकद त्याच्या आकाराच्या मगरीच्या तुलनेत अगदीच कमी. मग तो काय करतो, तर दात रुतवतो आणि मानेचे, अंगाचे स्नायू वापरून मागे ओढतो. दात वाकडे आणि आतल्या कडेला करवतीसारखे, असे साधारण साठ. त्यामुळे चावा कमी आणि कापणं जास्त, पाव कापायची सुरी कशी ओढत चालवतो तसं. २०२४ मध्ये एक मस्त गोष्ट बाहेर आली, या दातांच्या टोकांवर आणि धारेवर लोहाचा पातळ थर असतो आणि त्यामुळे ते चक्क नारिंगी दिसतात. धार टिकावी म्हणून निसर्गाने दातांना लोखंडी पाणी दिलंय म्हणा ना.

खरुचीची तऱ्हा वेगळी. तिला पडून राहणं परवडत नाही. म्हणजे बसून राहते ती, खांबावर, वाळक्या फांदीवर, आणि खाली बघत असते, पण तिचं खास वैशिष्ट्य म्हणजे हवेत एका जागी थांबणं. वारा येतो त्या दिशेला तोंड करायचं, वारा ज्या स्पीडने मागे ढकलतोय बरोब्बर त्याच स्पीडने पुढे उडायचं, की जमिनीच्या हिशेबाने तुम्ही जागच्या जागी. पंख फडफडतायत, शेपटी पंख्यासारखी उघडलीय, सगळं अंग हलतंय आणि डोकं मात्र स्थिर, जणू कुणी हवेत खिळा मारून टांगलंय. हे मोजलंय सुद्धा लोकांनी, १९८३ मध्ये डच संशोधकांनी फिल्म काढून बघितलं तर डोकं मधल्या जागेपासून जेमतेम ६ मिलिमीटर इकडेतिकडे होत होतं! डोकं हललं की चित्र हलणार, चित्र हललं की गवतातली उंदराची हालचाल सुटणार, म्हणून बाकी सगळ्या शरीराने धक्के सोसायचे आणि डोळ्यांना शांतता द्यायची. मला यापेक्षा सुंदर उड्डाण दुसरं कुठलं वाटत नाही, गरुडाचं सुद्धा नाही.

पण हे उडणं महागडं आहे. तासाला सगळ्यात जास्त शिकार यातूनच मिळते आणि सगळ्यात जास्त खर्चही यातच होतो. नेदरलँड्समध्ये सर्ज डान हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खरुचींचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवला. त्यात असं दिसलं की हिवाळ्यात, जेव्हा फक्त स्वतःचं पोट भरायचं असतं, तेव्हा खरुची जास्त करून खांबावर बसून शिकार करते, मिळकत कमी पण खर्चही कमी. आणि पिल्लं घरट्यात असली की मग उडत शिकार, कारण आता पोटं पाच-सहा आहेत. आणखी एक. तिथे खरुचीचं मुख्य खाणं म्हणजे व्होल, आखूड शेपटीचे गवतातले उंदीर, आणि ते साधारण दर दोन तासांनी एकदम बिळाबाहेर येतात. खरुचीने आपली शिकारीची वेळ त्यांच्या या वेळापत्रकाशी जुळवून घेतलेली असते, काल ज्या वेळी ज्या जागी उंदीर मिळाला त्याच वेळी ती आज तिथे हजर!

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढेच आहे. दिवसा मारलेला उंदीर खरुची बऱ्याचदा खातच नाही. गवताच्या झुबक्यात लपवून ठेवते आणि संध्याकाळी येऊन खाते. का? कारण दिवसभर उडायचंय आणि पोटात २० ग्रॅमचा उंदीर म्हणजे अंगावर दहा टक्के जादा वजन. माल गोदामात ठेवा, काम संपवा, मग जेवा, आणि ते जेवण रात्रभर भट्टीला पुरेल. आता याच्यासमोर तो ड्रॅगन ठेवा जो वजनाच्या ८० टक्के गिळतो आणि मग उन्हात लोळत पडतो, कारण त्याला पोटातलं पचवायला उष्णता हवी, पोट गार राहिलं तर मांस आतल्या आत सडायचा धोका. आणि अशा भरल्या पोटी काही संकट आलं तर तो सरळ ओकून टाकतो आणि पळतो. एकाने जेवण बाहेर लपवलं, दुसऱ्याने पोटालाच गोदाम केलं. गंमत अशी की या दोन्ही पद्धती आपापल्या हिशेबात एकदम बरोबर आहेत.

खाणं वाया घालवण्यात दोघंही कंजूष. ड्रॅगन हाडं, खूर, कातडं सगळं गिळतो, शिकारीचा जेमतेम १२ टक्के भाग मागे सोडतो, वाघ-सिंहांसारखी मोठी मांजरं याच्या दुप्पट टाकून देतात. बकरीएवढं भक्ष्य अख्खं गिळताना श्वास अडकू नये म्हणून त्याच्या जिभेखाली श्वासनळीचं तोंड पुढे आलेलं असतं. नंतर जे पचत नाही, शिंगं, केस, दात, त्याची चिकट दुर्गंधी गोळी तो ओकून बाहेर टाकतो. आणि खरुची सुद्धा हेच करते! उंदराचे केस आणि थोडी हाडं यांची कोरडी, बोटाच्या पेराएवढी गोळी रोज तोंडातून बाहेर. पक्षी अभ्यासक या गोळ्या गोळा करून, फोडून, आत काय आहे त्यावरून त्या पक्ष्याने काय खाल्लं ते लिहून ठेवतात.

या दोन्ही प्राण्यांबद्दल एकेक गोष्ट जगभर सांगितली जाते आणि दोन्ही गोष्टी नीट तपासल्यावर टिकल्या नाहीत, ते इथे सांगायलाच हवं कारण अजूनही व्हिडिओत आणि पुस्तकांत त्या येतच असतात.

ड्रॅगनची गोष्ट अशी की त्याच्या तोंडात भयानक घाण बॅक्टेरिया असतात, चावला की जखम सडते, भक्ष्य काही दिवसांनी मरतं आणि ड्रॅगन वास काढत मागे जातो. वॉल्टर ऑफनबर्ग हे अमेरिकन संशोधक १९६९ मध्ये सहकुटुंब कोमोडोवर जाऊन वर्षभर राहिले, १९८१ मध्ये त्यांनी या प्राण्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आज आपल्याला ड्रॅगनबद्दल जे माहितीय त्यातलं बरंच त्यांच्यामुळे, पण ही बॅक्टेरियाची कल्पनाही तिथूनच पसरली. नंतर २००९ मध्ये ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ड्रॅगनच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी आहेत, त्यातली द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत आणि रक्तदाब पाडतात. २०१३ मध्ये तोंडातले बॅक्टेरिया तपासले तर ते इतर मांसाहारी प्राण्यांसारखेच साधे निघाले, आणि ड्रॅगन उलट खाऊन झाल्यावर बराच वेळ तोंड साफ करत बसतो. मग म्हशींच्या जखमा का सडायच्या? तर म्हैस चावा खाऊन सुटली की तिच्या सवयीप्रमाणे पाण्यात जाऊन बसते आणि ते डबक्याचं पाणी घाण असतं. म्हशी त्या बेटांवर माणसांनी आणलेल्या, ड्रॅगनची शिकारीची पद्धत त्यांच्यासाठी बनलेलीच नाही. विषाचा खऱ्या शिकारीत नेमका वाटा किती यावर संशोधकांत अजून वाद आहे. काही जण म्हणतात की त्या दातांनी होणारी जखम आणि रक्तस्राव एवढंच हरणाला पुरेसं आहे. मला स्वतःला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं, बहुतेक हरणं तासाच्या आत मरतात तिथे आठवडाभर माग काढत बसायचा प्रश्नच कुठे येतो.

खरुचीची गोष्ट याहून रोमँटिक. उंदीर जाता येता वाटेवर मूत्राचे थेंब टाकतात, ते थेंब अतिनील प्रकाशात चमकतात, आणि खरुचीला अतिनील दिसतं, म्हणून तिला वरूनच उंदरांचे रस्ते चमकताना दिसतात! १९९५ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी प्रयोग करून हे मांडलं आणि कल्पना इतकी गोड होती की सगळीकडे पसरली. पण २०१३ मध्ये स्वीडनमध्ये नीट मोजमाप केल्यावर दिसलं की शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यात अतिनील किरण फारसे आतच शिरत नाहीत, डोळ्याची भिंगंच ते अडवतात, आणि व्होलच्या मूत्राचा रंगही गवतापेक्षा असा काही वेगळा उठून दिसत नाही. खरुचीची नजर भारी आहेच, प्रत्येक डोळ्यात तीक्ष्ण नजरेचे दोन बिंदू, एक बाजूला बघायला आणि एक समोर. पण ती उंदीर बघते तो उंदीर हलतो म्हणून.

ड्रॅगनला मात्र वाटा दिसतात, फक्त जिभेने. दुभंगलेली लांब जीभ बाहेर काढायची, हवेतले कण टिपायचे, टाळूतल्या खास इंद्रियाला नेऊन द्यायचे, जिभेच्या डाव्या टोकाला वास जास्त लागला तर भक्ष्य डावीकडे. वारा बरोबर असेल तर मेलेल्या जनावराचा वास त्याला ४ किलोमीटरवरून, कधी त्याहूनही लांबून लागतो. डोळे बरे आहेत, ३०० मीटरपर्यंत दिसतं म्हणतात, पण रात्री काही खास नाही.

आता नात्यागोत्याचं बघू, कारण इथे बऱ्याच लोकांचा गोंधळ होतो. ड्रॅगन दिसतो मगरीसारखा, पण मगरीचं जवळचं नातं ड्रॅगनशी नाही, ते आहे पक्ष्यांशी! आज जिवंत असलेल्या प्राण्यांत पक्ष्यांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे मगरी. सरडे आणि साप यांची शाखा २५ कोटी वर्षांहून आधीच वेगळी झाली. म्हणजे काठावर ऊन खात पडलेली मगर ही वर घिरट्या घालणाऱ्या खरुचीची लांबची चुलती आणि शेजारी पडलेला ड्रॅगन त्याहून परका. तसंच खरुची दिसते छोट्या गरुडासारखी, आणि शंभर-दोनशे वर्षं सगळ्यांनी तिला गरुड-घारींसोबतच ठेवलं, पण २००८ मध्ये डीएनएचा मोठा अभ्यास झाला त्यात ससाण्यांचं सगळं घराणं पोपटांच्या आणि चिमण्यांच्या बाजूला जाऊन बसलं. बाकदार चोच, नखं, तीक्ष्ण नजर हे सगळं गरुडांत आणि ससाण्यांत वेगवेगळं घडलंय. फरक शिकारीतही दिसतो, गरुड पायाने दाबून मारतात, खरुची पायाने पकडते आणि मानेत चोच मारून संपवते, त्यासाठी तिच्या वरच्या चोचीला दातासारखं एक टोक असतं. आणि ड्रॅगन? तो पालीपेक्षा सापाला जवळचा आहे, ती दुभंगलेली जीभ उगीच नाही.

इतकं लांबचं नातं असूनही आतून काही गोष्टी चकित होण्याइतक्या सारख्या आहेत. फुप्फुसं घ्या. आपण ज्या रस्त्याने हवा आत घेतो त्याच रस्त्याने बाहेर सोडतो. पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, वनवे रस्त्यासारखी, त्यामुळे ऑक्सिजन जास्त खेचला जातो. हे पक्ष्यांचंच खास वैभव असं मानायचे. पण २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या सॅव्हाना मॉनिटर या घोरपडीच्या फुप्फुसातही हवा मोठ्या भागात एकाच दिशेने वाहते असं सापडलं. सरड्यांची आणखी एक अडचण असते, ते पळताना अंग डावी-उजवीकडे वाकवतात त्यामुळे छाती दाबली जाते आणि पळता पळता नीट श्वास घेता येत नाही, म्हणून साधा सरडा थोडं पळतो, थांबतो. घोरपडींनी यावर उपाय काढलाय, गळा फुगवून पंपासारखी हवा आत ढकलायची. आणि २०१९ मध्ये कोमोडो ड्रॅगनचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तेव्हा पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या जनुकांमध्ये बरेच खास बदल दिसले. थोडक्यात हा कंजूष प्राणी गरज पडली की सरड्यांच्या मानाने खूप जोरात खर्च करू शकतो, फक्त इंजिन चालू ठेवून उभा राहत नाही.

दुसरी सारखी गोष्ट लिंग ठरण्याची. माणसात पुरुषाकडे एक्स आणि वाय असे दोन वेगळे क्रोमोसोम असतात. पक्ष्यांत उलट, मादीकडे झेड आणि डब्ल्यू, नराकडे दोन झेड. ड्रॅगनमध्येही मादीच झेड-डब्ल्यू, आणि ही व्यवस्था दोघांत स्वतंत्रपणे आलीय. याचा एक अफलातून परिणाम २००६ मध्ये दिसला. इंग्लंडमधल्या चेस्टर झूमध्ये फ्लोरा नावाची ड्रॅगन मादी, कधीच नराजवळ गेलेली नाही, आणि तिने अंडी घातली ज्यात जिवंत गर्भ होते. लंडन झूमधल्या सुंगाईलाही नराशिवाय पिल्लं झाली, फक्त ती पूर्वी नरासोबत राहिलेली होती. पार्थेनोजेनेसिस म्हणतात याला, नराशिवाय प्रजनन. मादीच्या झेड किंवा डब्ल्यूची दुप्पट होते, दोन डब्ल्यूवालं अंडं जगत नाही, दोन झेडवालं जगतं, म्हणून अशी पिल्लं नरच असतात. म्हणजे एखादी मादी एकटीच वाहत दुसऱ्या बेटावर गेली तरी तिथे नर तयार होऊ शकतात. शिकारी पक्ष्यांच्या बाजूने असंच उदाहरण २०२१ मध्ये आलं, खरुचीचं नाही, कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांचं. जुन्या डीएनए नोंदी तपासताना दोन पिल्लांना बापच नाही असं दिसलं. दोन्ही नर!

घरट्याच्या बाबतीत दोघंही दुसऱ्याच्या कष्टावर. खरुची घरटं बांधतच नाही, कावळ्याचं जुनं घरटं, झाडाची ढोली, कड्यातली कपार, इमारतीतली खोबण, जे मिळेल ते. ड्रॅगनची मादी बऱ्याचदा मेगापोड नावाच्या पक्ष्याचा पालापाचोळ्याचा भला मोठा ढिगारा गाठते आणि त्यात साधारण २० अंडी पुरते. इथपर्यंत सारखं. पुढे मात्र पुन्हा तो एनर्जीचा हिशेब आडवा येतो. खरुचीची चार-पाच अंडी मादी सुमारे चार आठवडे अंगाच्या उबेने उबवते, तेवढे दिवस नर तिला खाऊ घालतो, मग पिल्लांना आणखी चार आठवडे दोघं मिळून भरवतात. डान यांच्या गटाने काही घरट्यांत मुद्दाम दोन पिल्लं जास्त ठेवली. आईबापांनी कुरकूर न करता जास्त उंदीर आणले, पिल्लं वाढवली, आणि पुढच्या हिवाळ्यात असे जादा काम केलेले आईबाप जास्त मेले. हे वाचून मला खरंच गलबलून आलं होतं. त्या पक्ष्याच्या हिशेबात शिल्लक अशी काही नसतेच, दोन तोंडं वाढली की ती त्याच्या आयुष्यातून वजा होतात.

ड्रॅगनची अंडी सात-आठ महिने ढिगाऱ्यात राहतात, ऊब देते ती जमीन आणि ऊन. आई सुरुवातीला काही काळ राखण करते आणि नंतर तिचा संबंध संपतो. खरुची पहिल्या वर्षीच पिल्लं घालू शकते, पण तिची बरीचशी पिल्लं पहिला हिवाळाही पार करत नाहीत. ड्रॅगनला वयात यायला आठ-नऊ वर्षं लागतात आणि तो तीस वर्षांच्या आसपास जगतो. मात्र कंजूषपणामुळे जो प्राणी कमी जागेत, कमी शिकारीवर तग धरतो तोच आता जागेवाचून अडचणीत आलाय, त्याची बेटं छोटी, मधल्या दऱ्या समुद्रसपाटीला लागून, आणि समुद्र वर येतोय. १९८० पासून तिथे नॅशनल पार्क आहे, १९९१ पासून जागतिक वारसा, तरी २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत वर सरकवलं, पुढच्या ४५ वर्षांत त्याची राहायची जागा किमान ३० टक्के कमी होईल या अंदाजाने. बेटावरच्या खरुचीनेही असं संकट बघितलंय, मॉरिशस बेटावरची खरुची १९७४ मध्ये अवघी चार उरली होती. पण खरुची लवकर वयात येते, दरवर्षी अंडी घालते, झटपट खर्च करणाऱ्याची कमाईही झटपट होते, आणि माणसांनी अंडी कृत्रिमरीत्या उबवून, पिल्लं वाढवून, रानात सोडून त्या चारांचे शेकडो केले. ड्रॅगनच्या बाबतीत अशी घाई करता येणार नाही.

एक गोष्ट राहिली. ढिगाऱ्यातून बाहेर येणारं ड्रॅगनचं पिल्लू केवढं असतं माहितीय? लांबी ४० सेंटिमीटर आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास, त्यात शेपूटच बरीच. म्हणजे खरुचीच्या निम्मं! बाहेर आलं की पहिलं काम म्हणजे झाडावर चढणं, कारण खाली मोठे ड्रॅगन फिरत असतात आणि ते पिल्लं खातात, स्वतःच्या जातीची सुद्धा. पहिली काही वर्षं ते झाडावरच काढतं. टोळ, किडे, पाली खातं, अंगावर पिवळे-हिरवट पट्टे असतात, चपळ असतं आणि ७० किलोच्या त्या धुडाशी त्याचं काहीच साम्य दिसत नाही. मोठ्यांच्या शिकारीजवळ जायची वेळ आलीच तर विष्ठेत लोळून जातं, म्हणजे कुणी तोंड लावू नये.

इंडोनेशियातल्या बेटांवर ठिपकेवाली खरुची राहते, फ्लोरेसवरही आहे, आणि तिचं खाणं काय तर टोळ, किडे, छोटे सरडे, उंदीर. म्हणजे एकाच फांदीच्या आसपास, एकाच टोळावर, २०० ग्रॅमचा पक्षी आणि १०० ग्रॅमचा ड्रॅगन दोघांचाही डोळा असू शकतो. त्या टोळात पिल्लाचा अख्खा दिवस निघेल, खरुचीचा तासभर सुद्धा नाही. तिला लगेच उडावं लागेल. पिल्लू फांदीवर पडून राहील.